कुराबिनचा एकोणिसावा गडी

कुराबिनच्या फुटबॉल क्लबने दोन वर्षं गाणं म्हटलं नव्हतं. म्हणजे दोन वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता. पण हे दुसरं वाक्य गावात कोणी उच्चारत नसे, पहिल्यावरच भागवत. आमच्याकडे सामना जिंकला की कपडे बदलायच्या खोलीत एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून रिंगण करायचं, कर्णधाराने पहिली ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती छताच्या पत्र्यापर्यंत पोचवायची, असा रिवाज आहे. हरल्यावर, बरोबरी झाल्यावर, सरावात, लग्नात किंवा पबमध्ये ते गाणं कोणी म्हणत नाही. चाल काही आमची नाही. या भागातले निम्मे क्लब त्याच चालीवर गातात, फक्त गावाचं नाव बदलतात.

कर्णधार होता डॅरिल ट्रेलोर. वय अडतीस, धंदा गहू आणि मेंढ्या, मैदानातली जागा अगदी शेवटची, आपल्या गोलाच्या तोंडाशी. तिथे उभं राहून समोरच्याला गोल करू द्यायचा नाही, हे त्याचं काम. दोन वर्षं ते काम त्याला भरपूर मिळालं. आमच्या फुटबॉलात चेंडू हातांनी झेलतात आणि पायाने मारतात; दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोघांतून गेला तर गोल आणि सहा गुण, बाजूच्यांतून गेला तर नुसता एक गुण. हा आपला शेवटचा हंगाम, असं त्याने मार्चमध्येच सांगून टाकलं होतं. बक्षीस नको होतं, भाषण तर नकोच. जाण्याआधी एकदा गाणं म्हणायचं होतं. हे त्याने फक्त बायकोला, जनीनला सांगितलं, त्यामुळे गुरुवारपर्यंत गावाला ठाऊक झालं.

एप्रिलमधला पहिला सामना डॉलिनला, त्यांच्या मैदानावर होता. डॉलिनशी आमचं वैर नाही. आमची निम्मी लग्नं तिकडचीच आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याकडून हरणं पुढे वर्षभर जेवणाच्या टेबलावर पुरतं. त्यांचा कर्णधार डीन नॉस्के. तो गोल मारणारा, डॅरिल अडवणारा. चौदा वर्षं दोघं एकमेकांच्या बरगडीत कोपर रुतवून उभे आहेत. इतका वेळ इतक्या जवळ ते आपापल्या बायकांपाशीही उभे राहिले नसतील.

शेवटचं सत्र अर्धं सरलं तेव्हा आम्ही चौदा गोलांनी मागे होतो. चेंडू सगळा आमच्याच टोकाला, डॅरिलच्या डोक्यावरून ये-जा करत होता. त्याचं आयुष्य मेंढ्यांच्या फाटकाशी गेलेलं. पुढ्यात कळप दिसला की मनात मोजणी आपोआप सुरू होते. त्याने डॉलिनची माणसं मोजली. एकोणीस भरली. नाकातून रक्त आलं म्हणून बाहेर गेलेला त्यांचा एकजण बोळे कोंबून परत आला होता, आणि त्याच्या जागी आत आलेला बाहेर जायचं विसरला होता.

मैदानात एका बाजूचे अठरा. त्याहून जास्त आहेत असा संशय आला, तर समोरच्या कर्णधाराने हात वर करून पंचांकडे मोजणी मागावी. एक जरी जास्त निघाला तरी त्या संघाचे तोवरचे सगळे गुण पुसले जातात. नियम जुना आहे. सगळ्यांना पाठ आहे, आणि कोणी वापरत नाही. शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल पोलिसांत जायचा हक्क असतो, तसा तो आहे.

डॅरिलने हात वर केला.

पंचांनी डॉलिनची माणसं मैदानाच्या मध्यभागी ओळीने उभी केली. नाकात बोळे घातलेला शेवटी उभा होता. गुणांच्या फळ्यावरच्या माणसाने शिडीवर चढून एकेक आकडा उतरवला. मैदानाभोवती गाड्या लावून बसलेल्या एवढ्या लोकांत त्या वेळी फक्त पत्र्याच्या पाट्यांचा आवाज होता. उरलेल्या वेळात डॉलिनने रागारागाने दोन गोल मारले. आमचे आधीचे तीन होते. आम्ही जिंकलो.

खोलीत मात्र कोणी रिंगण करेना. आमच्या आणि डॉलिनच्या खोल्यांमध्ये फळ्यांची पातळ भिंत होती, आणि पलीकडे एकदम शांतता. डॅरिलने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दारातून क्लॅरी बोल्जर बोलला. क्लॅरी ऐंशीचा. पट्ट्या, टॉवेल, चेंडू आणि परंपरा या चार गोष्टी क्लबमध्ये त्याच्याकडे असतात.

"हे गाणं जिंकल्यावर म्हणायचं असतं," तो म्हणाला. "मोजल्यावर नाही."

डॅरिलने तोंड मिटलं. गुणतक्त्यात चार गुण मिळाले होते आणि घरी येताना बसमध्ये कोणी बोललं नाही. दोन वर्षांत हरून आलो तेव्हा बसमध्ये निदान बडबड तरी असायची.

त्यानंतरचे दोन सामने आम्ही सरळ मार्गाने हरलो. मे महिन्यात गव्हाची पेरणी आली. एका शनिवारी डॅरिलचं पेरणीयंत्र शेताच्या मधोमध बसलं आणि तो येऊ शकला नाही. त्या दिवशी आम्ही सात गोलांनी जिंकलो. पोरांनी एवढं गाणं म्हटलं की क्लॅरीला डोळे पुसायला टॉवेल शोधावा लागला, आणि टॉवेल त्याच्याच हातात होता. कोणाला तरी सुचलं, त्याने डॅरिलला फोन लावून फोन रिंगणाच्या मधे धरला. डॅरिलने यंत्राखाली आडवं पडून पूर्ण गाणं ऐकलं, छान म्हणाला, आणि पाना शोधू लागला.

पुढच्या शनिवारी तो आला. आम्ही एका गुणाने हरलो.

जूनमध्ये त्याचं बोट मोडलं, तो दोन सामने बाहेर बसला. दोन्ही जिंकलो. बोट बरं झालं, हरलो. जुलैत मेहुणीचं लग्न ॲडलेडला होतं. त्या दिवशी आम्ही तक्त्यात अव्वल असलेल्या संघाला हरवलं, आणि लग्नाच्या जेवणात डॅरिलला ही बातमी कळली तेव्हा तो उठून उभा राहिला, मग बसला. परत आला, हरलो. एकदा तो असतानाही जिंकतोय असं वाटलं; मग शेवटच्या मिनिटाला चेंडू त्याच्याच खांद्याला लागून आमच्याच गोलाच्या बाजूच्या खांबांतून गेला. त्याचा त्यांना एक गुण, आणि त्या एका गुणाने सामना.

गाव काही अडाणी नाही. बेरीज सगळ्यांनी केली. पण माणसाला तोंडावर सांगायचं कसं, की बाबा, तू इतकी वर्षं जीव तोडून खेळलास, आता घरी बसलास तर आपण वर जाऊ? त्यापेक्षा गावाने त्याची काळजी घ्यायला सुरुवात केली. औषधाच्या दुकानदाराने न मागता गुडघ्याची पट्टी दिली. खाटीक म्हणाला, ऑगस्टमध्ये क्वीन्सलँडची हवा फार सुरेख असते, जनीनला घेऊन जाऊन ये. शेतीच्या यंत्रांचा मेकॅनिक वाटेत भेटला की आशेने विचारायचा, पेरणीयंत्र कसं चाललंय. प्रशिक्षक नील पॅस्को शाळामास्तर, मुलांना नापास करतानाही चिठ्ठी लिहिणारा. त्याने एका गुरुवारी सरावानंतर डॅरिलला गाडीपाशी गाठलं.

"गुडघा कसा आहे?" त्याने विचारलं.

"कुठला?"

"कुठलाही."

दोन्ही ठीक आहेत, असं डॅरिल म्हणाला. नीलने बरं झालं म्हटलं. त्याच्या आवाजात बरं झाल्याचं काही नव्हतं.

अशा रीतीने चढत-उतरत ऑगस्टचा शेवटचा शनिवार आला. पहिले पाच संघ बाद फेरीत जातात. आम्ही सहावे होतो आणि जिंकलो तर पाचवे होणार होतो. सामना होता डॉलिनशी, आमच्या मैदानावर. डॉलिन दुसऱ्या क्रमांकावर पक्के. त्यांना जिंकून-हरून फरक नव्हता, एप्रिलचा हिशेब सोडून. त्यातच इतक्या गैरहजेऱ्यांमुळे डॅरिलचा तीनशेवा सामना सरकत सरकत नेमका याच दिवसावर येऊन बसला होता. तीनशेव्या सामन्याला क्लबच्या बायका क्रेप कागदाचा मोठा पडदा चिकटवतात, आणि खेळाडूने तो फाडत मैदानात यायचं असतं. पडदा तयार केल्यावर माणसाला खेळू नको म्हणता येत नाही. नीलने पडद्याचं काम लांबवता येईल का म्हणून चाचपून पाहिलं, पण ते जनीनच्याच स्वयंपाकघरात चाललं होतं.

आदल्या संध्याकाळी डॅरिल तिथेच, कागदांच्या पसाऱ्यात उभा राहिला आणि उद्या अंग जरा कसकसतंय असं सांगून टाकू का, म्हणून विचारू लागला.

जनीनने दाताने चिकटपट्टी तोडली. "तू खेळतोस तेव्हा ते हरतात, नसतोस तेव्हा जिंकतात," ती म्हणाली. "हे अख्ख्या गावाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. आता तो निळा कागद इकडे दे. उद्या तू याच्यातून जाणार आहेस."

सबंध हंगामात त्याला हे सरळ सांगणारी ती एकटी.

डॅरिल पडदा फाडून आला. गाड्यांचे भोंगे वाजले. डीन नॉस्के येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला, हात मिळवला, आणि लगेच बरगडीत कोपर घातलं.

तीन सत्रं आम्ही पुढे होतो. शेवटच्या सत्रात डॉलिनने एकामागून एक दोन गोल मारले, त्यातला दुसरा नॉस्केने डॅरिलच्या डोक्यावरून झेल घेऊन. आम्ही दोन गुणांनी मागे पडलो. गाड्यांच्या काचांमागे साऱ्या गावाच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती बोलून दाखवायचा पगार फक्त नीलला मिळत होता. त्याने निरोप्याला बोलावलं.

प्रशिक्षकाने मैदानात जायचं नसतं. त्याचा निरोप घेऊन धावायला एक माणूस असतो. आमचा निरोप्या ट्रेव्ह अनविन, गावचा बेकरीवाला. सभ्य माणूस. पाव शिळा असला तर विकताना स्वतःच खाली बघतो. नील त्याला म्हणाला, डॅरिलला बाहेर काढ. आणि बाकड्यावरच्या कॅलम रीडला म्हणाला, तो येतोच आहे, तू हो पुढे.

खरं तर बाहेर येणाऱ्याने चुन्याची रेघ ओलांडल्यावर दुसऱ्याने आत जायचं असतं. पण नील घाईत होता, आणि ट्रेव्ह निघालाच होता.

ट्रेव्ह मैदान तुडवत त्या टोकाला पोचला. डॅरिलच्या भुवईतून रक्त येत होतं. निळ्या क्रेप कागदाचा एक तुकडा त्याच्या कॉलरला चिकटून होता.

"काय निरोप?" डॅरिलने विचारलं.

ट्रेव्हने त्या निळ्या तुकड्याकडे पाहिलं.

"नील म्हणतो, मस्त खेळतोयस," तो म्हणाला, आणि परत पळाला.

तो अर्ध्या वाटेवर असताना दुसऱ्या टोकाला कॅलम रीडने झेल घेतला आणि मधल्या खांबांतून गोल मारला. सहा गुण. आम्ही चारने पुढे. भोंग्यांनी चिमण्यासुद्धा उठून गेल्या. कोण आत, कोण बाहेर, हे बघायला ज्याला खुर्ची टाकून बसवलं होतं, तो खुर्चीवर उभा राहून नाचत होता. नील कोणाला तरी मिठी मारत होता. ट्रेव्ह बाकड्याशी पोचला तेव्हा अशा आनंदात खडा कशाला टाका, म्हणून तोही टाळ्या वाजवू लागला.

चेंडू पुन्हा मध्यभागी न्यायला वेळ लागतो. तेवढ्यात त्या टोकाला काय झालं, ते नॉस्केने पुढे आमच्याच पबमध्ये सांगितलं, आणि डॅरिलने नाकारलं नाही, म्हणून आम्हाला ठाऊक.

"डॅरिल," नॉस्के म्हणाला, "तुमची माणसं मोज."

"कशाला?"

"मोज तर."

डॅरिलने मोजली. अठरा, म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की त्याने स्वतःला धरलं नव्हतं.

नॉस्केचा हात खांद्यापर्यंत वर आला होता. एप्रिलपासून त्या माणसाला डॉलिनमध्ये मोजणी सोडून दुसरं नाव उरलं नव्हतं. त्याचा स्वतःचा मुलगा म्हणे नाश्त्याला अंडी मोजून वाढायचा. तो हात आणखी एक वीत वर गेला असता, तर आमचा फळा कोरा झाला असता.

"त्या दिवशी आम्ही भिंतीला कान लावून बसलो होतो," नॉस्के म्हणाला. "म्हटलं आता गातील, आता गातील. सगळी पोरं बूट हातात घेऊन तयार होती, भिंतीवर मारायला."

"नाही गायलो."

"का?"

"क्लॅरीने गाऊ दिलं नाही," डॅरिल म्हणाला. मग भुवईवरचं रक्त पुसत, "गळ्यातून आलंही नसतं."

नॉस्केने त्या हाताने मान खाजवली. "मग जा आता. धावू नकोस लेका, पंच बघेल. लंगडत जा."

डॅरिल ट्रेलोर तीनशेव्या सामन्यातून, शेवटची काही मिनिटं उरली असताना, गुडघा धरून लंगडत बाहेर आला, चुन्याच्या रेघेवरून, अगदी नियमाने. गाड्यांतून आधी सुस्कारे सुटले असावेत. काचा बंद होत्या. मग भोंगे वाजले, आणि ते जरा जास्तच जोरात वाजले, कारण सगळ्यांना लाज वाटत होती. नीलने सरकून त्याला बाकड्यावर जागा दिली.

"गुडघा?" त्याने विचारलं.

"कुठलाही," डॅरिल म्हणाला.

पुढे कोणाचाच गोल झाला नाही. शेवटचा भोंगा झाला तेव्हा आम्ही चार गुणांनी पुढे होतो.

खोलीत रिंगण आपसूक झालं. कॅलम रीडला मधे ढकललं. क्लॅरी दारात उभा होता, त्याने मान डोलावली. सगळे डॅरिलकडे बघू लागले. पहिली ओळ त्याची.

दोन वर्षं आणि एक हंगाम ज्यासाठी थांबला, ते तोंडाशी आलं होतं. चार गुणांनी जिंकलो होतो, आणि कॅलमचा गोल सहाचा होता. ही वजाबाकी त्या खोलीत त्या वेळी त्याला एकट्यालाच येत होती.

"आपण एकोणीस होतो," तो म्हणाला. "कॅलमने गोल मारला तेव्हा मी आतच होतो."

नीलने ट्रेव्हकडे पाहिलं. "तुला सांगितलं होतं ना, याला काढ म्हणून?"

"सांगणारच होतो," ट्रेव्ह म्हणाला. "पण त्याच्या कॉलरला कागद होता."

खांद्यांवरचे हात तसेच होते, फक्त जड झाले. कॅलम रीड रिंगणाच्या मधे उभा होता. तो हळूच मागे सरकायला जागा शोधू लागला. डॅरिलने सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि बहुधा हंगामात पहिल्यांदाच त्याला पट्टी, क्वीन्सलँड आणि पेरणीयंत्र या सगळ्याचा अर्थ एका रांगेत लागला. जनीनने सांगितलेलं त्याला खरं वाटलं नव्हतं असं नाही. ती बायको आहे म्हणून सोडून दिलं होतं.

दार ढकलून नॉस्के आत आला. तीनशेव्या सामन्याबद्दल बिअरच्या दोन बाटल्या उघडून घेऊन आला होता, आणि बराच वेळ पलीकडून कान देऊन थांबला असावा, कारण बाटल्यांचा फेस विरून गेला होता.

"गाताय की नाही?" तो म्हणाला. "आमच्या पोरांना घरी जाऊन मेंढ्या बघायच्यात."

"डीन," क्लॅरी म्हणाला, "हा म्हणतो आम्ही एकोणीस होतो."

नॉस्केने एक बाटली डॅरिलच्या हातात दिली. "मला अठराच्या पुढे मोजता येत नाही," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये तेच तर झालं."

क्लॅरीने विचार केला. ऐंशीव्या वर्षी माणूस सावकाश विचार करतो, आणि क्लबच्या परंपरेत या प्रसंगासाठी काहीच नव्हतं, ते तिथल्या तिथे बनवायचं होतं.

"हात वर केला कोणी?" त्याने विचारलं.

कोणी केला नव्हता.

"पंचाने मोजलं?"

नव्हतं मोजलं.

"मग मोजलेलं नाही," क्लॅरी म्हणाला. "आणि मोजलेलं नाही, तर जिंकलो. डॅरिल, तू सांगितलंस, आम्ही ऐकलं. आता सुरू कर, टॉवेल गोळा करायचेत."

डॅरिलने पहिली ओळ उचलली. फार वरच्या पट्टीत उचलली, पुढे सगळ्यांची ओढाताण झाली, पण कोणी खाली आणायला सांगितलं नाही. दुसऱ्या कडव्याला पलीकडच्या खोलीतून मधल्या पत्र्याच्या भिंतीवर बूट आपटल्याचा आवाज आला. तो ठेक्यात होता. नॉस्केही रिंगणात होता. चाल एकच असल्याने सवयीने गात सुटला, आणि जिथे कुराबिन म्हणायचं तिथे प्रत्येक वेळी मोठ्याने डॉलिन म्हणाला. डॅरिलचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि कोपर बरगडीत.

पुढच्या शनिवारी बाद फेरीत आम्ही अकरा गोलांनी हरलो. डॅरिल पूर्ण सामना खेळला. गुडघ्याबद्दल कोणी विचारलं नाही.

क्लबच्या वार्षिक सभेत एकमताने ठरलं की ट्रेव्ह अनविनला निरोप्याच्या कामातून मोकळं करावं. सभेला तो नव्हता, पाव लावायचे होते. त्याला हे कोणी सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही. नवा हंगाम सुरू झालाय, तो पळतोय.